प्रकृती, मिजाज आणि तब्येत
(आयुर्वेदाचे शरीर आणि आमचे पूर्वसूरी)

मराठी माणूस दुसऱ्याची विचारपूस करतो तेव्हा साधारण दोन शब्द वापरतो. एक, 'प्रकृती कशी आहे?' आणि दुसरा, 'तब्येत कशी आहे?' आमच्या ज्या घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते तेथे तिसरा शब्द येतो, 'मिजाज कैसे हैं?' बोलताना या तीन शब्दांत कोणी फरक करीत नाही. परंतु हे तिन्ही शब्द वैद्यकशास्त्राचे आहेत. प्रकृती हा आयुर्वेदाचा शब्द. जन्मतः प्रत्येकाच्या शरीरात वात, पित्त आणि कफ यांचे जे प्रमाण ठरते, त्याला आयुर्वेद प्रकृती म्हणतो. मिजाज हा युनानी तिब्बचा शब्द असून त्याचा मूळ अर्थ मिश्रण असा आहे. उष्ण, थंड, ओला आणि कोरडा या चार गुणांच्या मिश्रणातून माणसाचा जो पिंड बनतो तो त्याचा मिजाज. आणि तब्येत म्हणजे अरबी 'तबीअत', शरीराला आतून सांभाळणारी व आजाराशी झुंजणारी शक्ती. हकिमांच्या मते आजार बरा करते ती तबीअत. हकीम तिला फक्त मदत करतो.

अशा रीतीने आपल्या रोजच्या बोलण्यात दोन वैद्यकशास्त्रे शेजारी शेजारी नांदत आहेत. तरीही वैद्य म्हटला की हिंदू आणि हकीम म्हटला की मुसलमान, अशी वाटणी आज सर्वांच्या मनात पक्की झाली आहे. ही वाटणी दोन्हीकडून होते. आयुर्वेद हा आपल्या धर्माचा वारसा आहे, त्यात इतरांचा काही वाटा नाही, असे मानणारे लोक आहेत. आणि आयुर्वेद हे परक्या धर्माचे शास्त्र आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे म्हणणारेही आमच्यात आहेत. इतिहास या दोघांनाही आधार देत नाही. आयुर्वेदाने मानवी शरीराची जी मांडणी केली, ती समजून घेण्यासाठी मुस्लिम विद्वानांनी बाराशे वर्षांपूर्वीपासून कष्ट घेतले. ती त्यांनी अरबीत नेली, फारसीत नेली, तपासली आणि वापरलीही. या कष्टांचा इतिहास आमच्या वाचकांसमोर क्रमाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी ती मांडणी काय आहे ते पाहिले पाहिजे.

आयुर्वेदाचे शरीर

आयुर्वेदाचे तीन मोठे ग्रंथ मानले जातात. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय. चरकसंहिता मुख्यतः औषधोपचाराचा ग्रंथ आहे, सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेला प्राधान्य आहे, आणि साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाने आधीच्या दोन्ही परंपरांचे सार सुटसुटीत पद्यात बांधले. या ग्रंथांच्या मते जगातील प्रत्येक वस्तू पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच महाभूतांची बनलेली आहे आणि शरीरही त्याला अपवाद नाही. म्हणूनच बाहेरचे अन्न शरीरात जाऊन शरीर होऊ शकते. दोन्ही एकाच मातीची आहेत.

शरीराचा सारा व्यवहार तीन शक्ती चालवतात. वात हालचाल करवतो. श्वास, बोलणे, रक्ताचे फिरणे, मलमूत्राचे बाहेर पडणे ही त्याची कामे. पित्त शिजवते, पचवते, रंग देते. कफ जोडतो, ओलावा देतो, स्थिर ठेवतो. वाग्भटाने त्यांच्या जागाही सांगितल्या आहेत. तिघेही सर्व शरीरभर असले तरी बेंबीच्या खाली वाताचे, हृदय आणि बेंबीच्या मध्ये पित्ताचे आणि हृदयाच्या वर कफाचे मुख्य ठाणे. प्रत्येकाचे पुन्हा पाच प्रकार. प्राण, उदान, व्यान, समान, अपान हे वाताचे पाच प्रकार तर मराठी वाचकांना ऐकून माहीत असतात.

या तिघांना 'दोष' का म्हणायचे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण असे की हे तिघे प्रमाणात असले तर शरीर धारण करतात आणि प्रमाण सुटले की तेच शरीराला बिघडवतात. बिघडण्याचेही वेळापत्रक आहे. वात उन्हाळ्यात साचतो आणि पावसाळ्यात उसळतो. पित्त पावसाळ्यात साचते आणि पाऊस सरल्यावरच्या उन्हात उसळते. कफ थंडीत साचतो आणि वसंतात पातळ होऊन वाहू लागतो. आषाढात सांधे धरणारी म्हातारी माणसे, अश्विनातल्या उन्हात अंगावर उठणारे पित्त आणि होळीच्या सुमारास घरोघरी होणारी सर्दी यांचा हिशेब आमच्याकडील जाणती माणसे आजही याच भाषेत मांडतात.

दोषांच्या खालोखाल सात धातू येतात. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. अन्न जठराग्नीत शिजते, त्याचा सारभाग रस होतो, रसाचे रक्त, रक्ताचे मांस असे करीत शेवटी शुक्र बनते. प्रत्येक पायरीवर त्या त्या धातूचा स्वतःचा अग्नी काम करतो. जठराचा एक, महाभूतांचे पाच आणि धातूंचे सात असे एकूण तेरा अग्नी मानले आहेत. एका धातूचा दुसरा धातू नेमका कसा होतो यावर भाष्यकारांत मतभेद होते, आणि तो वाद त्यांनी शेतकऱ्याच्या घरातल्या तीन दृष्टांतांनी मांडला. पहिला दुधाचा. दुधाचे सगळेच दही होते, तसा एक धातू पूर्णपणे दुसऱ्यात बदलतो. दुसरा पाटाच्या पाण्याचा. पाटाचे पाणी एकेक वाफा भिजवीत पुढे जाते, तसा रस एकेका धातूला पोसत पुढे सरकतो. तिसरा खळ्यावरच्या कबुतरांचा. कबुतरे एकाच खळ्यातून दाणे उचलून आपापल्या वाटेने आपापल्या घरट्याकडे जातात, तसा प्रत्येक धातू आपापल्या वाटेने आपले अन्न घेतो. शरीराच्या आत डोकावण्याचे साधन नसताना माणसे किती बारकाईने विचार करीत होती, हे या वादातून दिसते.

पचन अर्धवट राहिले तर जो चिकट, न शिजलेला अंश उरतो त्याला 'आम' म्हणतात. तो शरीरातल्या वाटांमध्ये, म्हणजे स्रोतसांमध्ये, अडकून बसला की रोग होतो. 'आमवात' हा मराठीत रुळलेला शब्द याच कल्पनेतून आला आहे. पक्षाघाताला मराठीत अर्धांगवायू म्हणतात, त्यातला वायू म्हणजेच बिघडलेला वात. त्याच आजाराला दुसरा मराठी शब्द लकवा. तो अरबी तिब्बमधून आला आहे.

शरीर पाहण्याच्या बाबतीत सुश्रुत विशेष आग्रही होता. ज्याला शल्यवैद्य व्हायचे आहे त्याने प्रेत तपासलेच पाहिजे, असे त्याचे सांगणे आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ आजाराने न झिजलेल्या, फार वृद्ध नसलेल्या माणसाचे प्रेत घ्यावे, गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावे, वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. चरकाने हाडांची संख्या ३६० दिली आहे, कारण त्याने दात, दातांच्या खोबणी आणि नखेही मोजली. सुश्रुताने शस्त्रक्रियेच्या परंपरेनुसार ती ३०० सांगितली. आजच्या शरीरशास्त्रानुसार प्रौढ माणसात २०६ हाडे असतात. आकडे चुकले, तरी मृत शरीराला शिवणे अपवित्र मानणाऱ्या समाजात 'स्वतः पाहा' असे सांगणारा हा आचार्य होता. पुढे हीच परंपरा मागे पडली आणि ग्रंथ पाठ करणे तेवढे उरले, ही आयुर्वेदाच्या इतिहासातील मोठी हानी आहे.

बगदादचे भाषांतरकार

ही सारी मांडणी आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला पोहोचली. खलिफा हारून अल-रशीद याची कारकीर्द ७८६ ते ८०९. त्याचे वजीर बर्मकी घराण्यातले होते. या घराण्याचे पूर्वज बल्ख येथील नवबहार या बौद्ध विहाराचे प्रमुख होते आणि पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला. हिंदुस्थानातील विद्येविषयी या घराण्याला आस्था वाटावी हे स्वाभाविकच होते. वजीर याह्या बिन खालिद बर्मकी याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहिता अरबीत आणली. इब्न अल-नदीम या बगदादच्या ग्रंथविक्रेत्याने ९८७ साली 'अल-फिहरिस्त' नावाची मोठी ग्रंथसूची तयार केली. तीत या भाषांतराची नोंद 'सुस्रुद' या नावाने आहे आणि ते रुग्णालयात हाताशी ठेवण्याचा ग्रंथ म्हणून वापरले जाई असे कळते. याच सूचीनुसार बर्मकींच्या रुग्णालयाचा प्रमुख इब्न धन हा भारतीय होता आणि त्यानेही संस्कृत वैद्यकग्रंथ अरबीत आणले. चरकाचा ग्रंथ आधी फारसीत आणि मग फारसीतून अरबीत गेला. स्त्रियांच्या आजारांवर रूसा नावाच्या एका भारतीय स्त्रीने लिहिलेल्या ग्रंथाचीही नोंद या सूचीत आहे. तिच्याविषयी अधिक माहिती उरलेली नाही. पण बगदादच्या ग्रंथसूचीत एका हिंदी स्त्रीचे नाव वैद्यक लेखिका म्हणून यावे, ही गोष्ट आमच्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

भाषांतराच्या पुढचे पाऊल अली बिन रब्बन अल-तबरी याने टाकले. त्याने ८५० साली 'फिर्दौसुल हिकमत' हा ग्रंथ पूर्ण केला. अरबीतल्या आरंभीच्या सर्वसमावेशक वैद्यकग्रंथांत त्याची गणना होते. ग्रंथाचा मुख्य भाग ग्रीक वैद्यकावर आहे. शेवटी मात्र तबरीने ३६ प्रकरणे केवळ हिंदी वैद्यकासाठी राखून ठेवली. आयुर्वेदाची आठ अंगे, पाच महाभूते, वारा, पित्त आणि कफ हे तीन दोष, गर्भाची वाढ, दिनचर्या असे विषय त्यात येतात आणि चरक, सुश्रुत, निदान व अष्टांगहृदय यांचा आधार घेतलेला दिसतो. त्याने ग्रीक आणि हिंदी विचार एकत्र कालवले नाहीत. हिंदी लोक शरीराकडे कसे पाहतात ते त्याने त्यांच्या पद्धतीनेच, स्वतंत्रपणे मांडले. नंतरच्या पिढीतला महान हकीम अल-राझी याच्या 'अल-हावी' ग्रंथात चरकाचे नाव 'शरक हिंदी' म्हणून येते. अल-बिरूनीनेही हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात चरकाचा गौरवाने उल्लेख केला असून त्याचे अरबी भाषांतर बर्मकींसाठी झाल्याचे नोंदवले आहे.

या देवघेवीच्या खुणा शब्दांतही राहिल्या. हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचे आयुर्वेदातले त्रिफळा अरबीत जाऊन 'इत्रीफल' झाले. आज युनानी दवाखान्यात मिळणारे इत्रीफल म्हणजे मुळात आपले त्रिफळाच. कुरआन शरीफच्या सूरह अद-दहरमध्ये जन्नतच्या पेयाचे वर्णन करताना 'जंजबील' म्हणजे सुंठ-आल्याचा उल्लेख येतो. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द जुन्या फारसीच्या वाटेने हिंदुस्थानातून अरबस्तानात पोहोचला होता. व्यापारी, गलबते आणि औषधे धर्मांच्या आधीपासून या समुद्रावर ये-जा करीत होती.

तीन की चार?

दोन शास्त्रे समोरासमोर आली तेव्हा एक खरी अडचण उभी राहिली. ग्रीकांकडून आलेल्या तिब्बमध्ये चार मूलतत्त्वे होती, आयुर्वेदात पाच. तिब्बमध्ये शरीरात चार खिल्त, म्हणजे चार रस मानले होते. दम म्हणजे रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पिवळे पित्त आणि सौदा म्हणजे काळे पित्त. आयुर्वेदाचे दोष तीनच. पित्त आणि सफरा, कफ आणि बलगम ही जोडी सहज जुळली. पण सौदाला आयुर्वेदात जोडीदार नव्हता. वाताला तिब्बमध्ये जोडीदार नव्हता. त्यासाठी फारसीतला 'बाद' म्हणजे वारा हा शब्द घ्यावा लागला. आमच्या घरांत वांगे किंवा चवळी 'बादी' आहे असे म्हणतात आणि शेजारी त्यालाच 'वातूळ' म्हणतात, ते या भाषांतराचेच फळ.

सर्वांत मोठा प्रश्न रक्ताचा होता. हकिमांच्या लेखी रक्त हे चार मूळ रसांपैकी एक, तेही श्रेष्ठ. आयुर्वेदाच्या लेखी रक्त हा धातू. तो बिघडतो, पण स्वतः बिघडवत नाही. सुश्रुताने मात्र, शल्यवैद्य असल्यामुळे असेल, रक्ताला काही ठिकाणी तिन्ही दोषांच्या बरोबरीचे महत्त्व दिले. रक्त कोठे तयार होते याबाबत दोन्ही शास्त्रांचे उत्तर जवळजवळ सारखे होते. सुश्रुताच्या मते पाणीदार रस यकृत आणि प्लीहा येथे येऊन लाल होतो. हकिमांच्या मते अन्नाचे दुसरे पचन यकृतात होते व तेथे रक्त बनते. आज आपल्याला माहीत आहे की जन्मानंतर रक्तपेशी मुख्यतः हाडांतल्या मज्जेत तयार होतात. म्हणजे या एका बाबतीत वैद्य आणि हकीम दोघेही चुकले, आणि चुकले ते एकाच जागी.

हे मतभेद पाहून आमच्या जुन्या विद्वानांना एक शास्त्र खोटे ठरवून दुसरे उचलता आले असते. त्यांनी तसे केले नाही. तीन दोष हे शरीराचे एक वर्णन, चार खिल्त हे दुसरे वर्णन, आणि रोग्याला गुण कशाने येतो ते पाहायचे, अशी त्यांची भूमिका दिसते. प्रत्येक आजाराला अल्लाहने दवा ठेवली आहे, या आशयाची हदीस आमच्या घराघरांत माहीत आहे. ती दवा अमुक एका भाषेतच सापडेल अशी अट तीत नाही.

दिल्ली, गुजरात आणि दख्खन

मध्य आशियातून व इराणमधून हिंदुस्थानात आलेल्या हकिमांना लवकरच एक व्यावहारिक अडचण जाणवली. त्यांच्या ग्रंथांतली औषधे इथल्या बाजारात मिळत नव्हती, मिळणाऱ्या औषधांची नावे त्यांच्या ग्रंथांत नव्हती, आणि इथल्या हवापाण्यात वाढलेल्या शरीरांना त्यांचे सगळेच उपचार मानवत नव्हते. मुहंमद तुघलकाच्या काळात १३२९ साली झिया मुहंमद याने 'मजमूआ-ए-झियाई' लिहिला. त्यात त्याने हिंदी उपचारांना जागा दिली. या सुलतानाने दौलताबादला राजधानी हलवली तोच हा काळ. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची कारकीर्द १४५८ ते १५११. त्याच्यासाठी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचे फारसी भाषांतर तयार झाले आणि त्याला 'शिफा-ए-महमूदशाही' असे नाव देण्यात आले.

या परंपरेतला सर्वांत मोठा ग्रंथ सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने १५१२ साली सिद्ध केला. त्याचे नाव 'मादनुश्शिफा-ए-सिकंदरशाही', म्हणजे आरोग्याची खाण. युनानी वैद्यक हिंदी लोकांच्या प्रकृतीला पुरेसे मानवत नाही आणि त्यातली औषधांची नावे इथे कोणाला कळत नाहीत, म्हणून हिंदी वैद्यांचे ग्रंथ फारसीत आणले, असे कारण त्याने दिले आहे. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्यासह माधवनिदान, शार्ङ्गधर, चक्रदत्त अशा अनेक ग्रंथांचे सार त्यात आहे. ग्रंथाचा एक स्वतंत्र भाग आयुर्वेदानुसार शरीररचनेवर आहे. गर्भ कसा वाढतो, हाडे किती, मर्मे किती, शिरा कोठून कोठे जातात हे सर्व एक मुसलमान वजीर फारसी वाचणाऱ्या हकिमांना समजावून सांगत होता. हा ग्रंथ इतका उपयोगी ठरला की एकोणिसाव्या शतकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तो छापला. मुसलमानाने लिहिलेला आयुर्वेदाचा फारसी ग्रंथ एका हिंदू मालकाच्या छापखान्यातून हकिमांच्या हाती गेला.

महाराष्ट्राला जवळचे नाव फरिश्ताचे आहे. मुहंमद कासिम फरिश्ता हा इतिहासकार म्हणून प्रसिद्ध आहे. अस्तराबादेत जन्मलेला हा माणूस लहानपणीच वडिलांबरोबर निजामशाहीच्या अहमदनगरला आला, तेथे वाढला आणि १५८९च्या सुमारास विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला गेला. त्याचा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' म्हणजे वैद्यांची नियमावली हा ग्रंथही लिहिला, हे फार थोड्यांना माहीत असते. या ग्रंथाच्या आरंभी तो हिंदी वैद्यांच्या मताप्रमाणे शरीराचा व्यवहार सांगतो, नंतर साधी औषधे, मिश्र औषधे आणि रोगांवरील उपचार देतो. अरबी-फारसी वैद्यक शिकून झाल्यावर तो हिंदी ग्रंथांकडे वळला होता. ज्या मातीत आपण राहतो तिची औषधे आणि ज्या लोकांत राहतो त्यांची शरीरे ओळखली पाहिजेत, हा विचार त्यामागे होता. दख्खनच्या मुसलमानांनी फरिश्ताला इतिहासकार म्हणून जितके मानले, तितके या कामासाठीही मानायला हवे.

वैद्यांनी घेतलेले

देणे-घेणे एकाच बाजूने झाले असते तर त्याला देवघेव म्हणता आले नसते. साधारण १३०० च्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे व्यवस्थित वर्णन प्रथम आढळते. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या मूळ ग्रंथांत नाडीपरीक्षेला असे स्थान नाही. हकिमांच्या 'नब्ज' पाहण्याच्या विद्येशी झालेल्या परिचयाचा यात वाटा असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. त्याच ग्रंथात अफू आणि अक्कलकाढा ही औषधे येतात. अक्कलकाढ्याचे संस्कृत नाव 'आकारकरभ' हे अरबी 'आकिरकर्हा'चे रूप आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या फिरंग रोगाचे वर्णन आणि त्यावर चोपचिनीचा उपचार सांगितला आहे. अठराव्या शतकात महादेव नावाच्या पंडिताने युनानी वैद्यक संस्कृतात सांगणारा 'हिक्मतप्रकाश' रचला. म्हणजे मियाँ भुवाने जे फारसीत केले, ते महादेवाने उलट दिशेने संस्कृतात केले.

मराठी स्वयंपाकघरात व देवळीतल्या औषधांत तर हे सर्रास दिसते. मलम, जुलाब, अर्क, मुरंबा, गुलकंद, सरबत हे शब्द तिब्बच्या वाटेने मराठीत आले. आमच्याकडे जी सनामक्की, तीच शेजारी सोनामुखी. पोट साफ करताना ती दोन्ही घरांत सारखेच काम करते.

एकाच कायद्याचे दोन बळी

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्य आणि हकीम दोघांवरही एकच संकट आले. वैद्यकीय नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९१२ साली झाला. त्यानुसार पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांचीच नोंदणी होणार होती. असे कायदे येऊ घातले आहेत हे ओळखून दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी १९१० सालीच वैद्य आणि हकीम यांची संयुक्त परिषद उभी केली होती. हकीम साहेबांचे घराणे पिढीजात युनानी हकिमांचे. केवळ युनानीपुरती संस्था काढणे त्यांना सोपे होते. त्यांनी आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज एकत्र काढले. त्याची कोनशिला १९१६ साली व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हस्ते बसली आणि १९२१ साली महात्मा गांधींनी कॉलेजचे उद्घाटन केले. त्याच वर्षी हकीम साहेब अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

हकीम अजमल खान जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. जुन्या औषधांची तपासणी नव्या रसायनशास्त्राने झाली पाहिजे, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकी यांना संशोधनाचे काम दिले. सिद्दिकींनी सर्पगंधा ही वनस्पती हाती घेतली. वैद्य आणि हकीम दोघेही ती वापरीत असत. १९३१ साली त्यांनी तिच्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला, तोवर दिवंगत झालेल्या हकीम साहेबांची आठवण म्हणून, 'अजमलीन' हे नाव दिले. हृदयाच्या एका विशिष्ट विकाराच्या निदानासाठी ते आजही वापरले जाते. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो याची रुग्णांवरील पाहणी १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. एका वनस्पतीच्या या कथेत हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, मुसलमान रसायनशास्त्रज्ञ आणि पारशी डॉक्टर सर्वांचा हात लागला आहे.

वारसा म्हणजे काय?

सर्पगंधेची कथा आम्हाला आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. तीत जुने औषध खरे ठरले, पण ते का लागू पडते याचे जुने स्पष्टीकरण टिकले नाही. वात, पित्त, कफ किंवा दम, सफरा, सौदा, बलगम हे शरीरात काढून दाखवता येतील असे पदार्थ नाहीत. ती शरीर समजून घेण्याची, निरीक्षणे लावून ठेवण्याची एक रीत होती. आजच्या काळात तिला अंतिम सत्य मानून मधुमेह, क्षय किंवा कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरपासून तोडणे हा गुन्हाच ठरेल. पारा, शिसे, सोमल यांच्या भस्मांनी आणि कुश्त्यांनी विषबाधा होऊ शकते, हेही आता सिद्ध झाले आहे. 'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण अर्धवट वैद्यालाही तितकीच लागू आहे.

शंका घेणे हे परंपरेच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. ज्या जालीनूसला, म्हणजे गॅलनला, हकीम गुरू मानीत, त्याच्या चुकांवर अल-राझीने 'जालीनूसविषयीच्या शंका' असा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे असतात हे गॅलनचे म्हणणे नाकारले आणि रक्त फुफ्फुसांतून फिरून येते असे सांगितले. सुश्रुतानेही प्रेत स्वतः पाहिल्याशिवाय बोलू नका असेच बजावले होते. चरकानेही दैवावर विसंबणारी चिकित्सा आणि युक्तीवर, म्हणजे विचारपूर्वक योजनेवर आधारलेली चिकित्सा, असा भेद केला होता. या सर्वांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण वृत्ती एक.

आज महाराष्ट्रात बी.ए.एम.एस.च्या वर्गात मुस्लिम मुले-मुली चरक आणि वाग्भट शिकत आहेत. काही नातेवाईक त्यांना विचारतात, 'हे त्यांचे शास्त्र शिकून तुला काय करायचे?' कधी शेजारच्या बाकावरूनही तसाच प्रश्न येतो, फक्त 'त्यांचे'च्या जागी 'आमचे' असते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तबरी, मियाँ भुवा, फरिश्ता आणि हकीम अजमल खान यांनी देऊन ठेवले आहे. ज्याने ग्रंथ शिकला, तपासला, पुढच्याला समजेल अशा भाषेत सांगितला आणि रोग्याच्या उपयोगी आणला, त्याचा तो ग्रंथ झाला. मादनुश्शिफा आणि दस्तूर-उल-अतिब्बा हे ग्रंथ मराठीत कोणी आणील काय? फारसी आणि आयुर्वेद दोन्ही जाणणारा एखादा विद्यार्थी आमच्याच समाजातून पुढे येऊ शकतो. मनकाने सुश्रुत बगदादला नेला. फरिश्ताने लिहिलेले शरीरशास्त्र अहमदनगरच्या मातीत मराठीत परत आणणे हे काम त्यापेक्षा अवघड नाही.